पाण्याचं वजन

कोरीट गावात प्रेमचंदआबांचा हात प्रसिद्ध होता. लोकांचा कापूस ते ओट्यावरच्या काट्यावर घेत, पण काट्यावर त्यांचा भरवसा नव्हता. आधी कोपरापर्यंत हात ढिगात खुपसत, डोळे मिटत आणि सांगत, यात इतकं पाणी मारलंय. कापसावर पाणी मारून वजन वाढवणारे पुष्कळ असतात. आबांपुढे मात्र भल्याभल्यांची चोरी उघडी पडायची. या हाताचा त्यांना एवढा माज होता, की घरच्या माणसांनाही ते ढिगासारखंच जोखत.

हेमांगी त्यांची सून. तिला सासऱ्याचा राग होता, आणि राग हा शब्दही तिला कमीच वाटायचा. तीन वर्षांपूर्वी तिचे वडील नवापूरला अत्यवस्थ होते, तेव्हा तिला माहेरी न पाठवता आबा म्हणाले होते, "वेचनी चालू शे. आठ दिनमा काय मरस तो?" वडील पाचव्या दिवशी गेले. त्या दिवसापासून ती आबांच्या पाया पडली नव्हती. दिवाळीला वाकायची, पण त्यांच्या पावलांपासून दोन वीत अलीकडे जमिनीला हात लावून उठायची. घरात सगळ्यांना ते दिसायचं.

आता आबांचं हृदय थकलं होतं. नंदुरबारच्या डॉक्टरांनी चार गोळ्या दिल्या, मीठ तोडलं आणि रोज सकाळी चहाआधी वजन करून वहीत लिहायला सांगितलं. वही त्यांनी हेमांगीच्या हातात दिली, कारण खोलीत लिहायची तयारी दाखवणारी तीच एक होती. तीन दिवसांत दोन किलो वाढले तर लगेच या, असंही बजावलं. बोलता बोलता ते म्हणाले, की हृदय कमजोर पडलं की त्याच्या पेशींत प्राणवायूच जाळपोळ करायला लागतो, गंज चढल्यासारखा. त्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात.

आबांचा मुलगा, म्हणजे हेमांगीचा नवरा ललित, बोअरच्या मोटारी दुरुस्त करायचा. त्याच्या कानांनी एवढ्यातून 'गंज' हा एकच शब्द उचलला. गंज म्हटल्यावर तो घासून काढायचा, हे त्याला शाळेच्या आधीपासून ठाऊक! आठवड्याभरात हॉटेलातल्या कुठल्याशा मीटिंगमधून तो जांभळ्या पावडरीचा डबा घेऊन आला. आतला गंज धुऊन काढते म्हणे. आबांना तर निमित्तच हवं होतं. लघवीच्या गोळीने त्यांना काट्यावरून सारखं उठावं लागायचं आणि गिऱ्हाईक हसायचं. त्यांनी चारही गोळ्या बंद केल्या, पावडर सुरू केली आणि लोणच्याची बरणी पुढ्यात ओढली.

"हाई वहू माले भुक्या मारी ऱ्हायनी व्हती," ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. "मीठ नही, पापड नही. माले मारीसन वावर खावानं शे तिले!"

हेमांगीने एकदा सांगून पाहिलं. सासूने, दगूबाईंनी, तिलाच गप्प केलं. "तू कसाले बोलस? त्यास्ना आंडोर शे ना, सख्खा पोऱ्या."

वही मात्र ती लिहीत राहिली. चौसष्ट. पासष्ट. साडेसहासष्ट. अडुसष्ट झाले त्या सकाळी आबा काट्यावरून ओरडले, "दख, चार किलो वाढनू! पावडरना गुन शे हाऊ!" ललितने मोबाईलवर फोटो काढला. शेजारपाजारचे येऊन तब्येत सुधारली म्हणून गेले. हेमांगीला मात्र त्यांच्या चपलेचा पट्टा पायात रुतलेला दिसत होता. जिना चढून आलेले आबा वाक्य पुरं करू शकत नव्हते, आणि आडवं झालं की खोकत उठून बसत होते.

ती दोन दिवस गप्प राहिली. इथे तिची बाजू सावरायचं कारण नाही. मरू दे, असं तिच्या मनात स्वच्छ आलं, एकदा नव्हे, दहादा. माझ्या बापाला आठ दिवस मिळाले नाहीत, याला कशाला?

तिसऱ्या दिवशी काटा सत्तरवर गेला. आबा दम खात बसले आणि म्हणाले, "तिना बापले आसी पावडर भेटती, तं वाची जाता."

हेमांगी ताडकन उठली. एवढं बोलून हा माणूस असा हसत, जिंकून मरणार? तिने कोठीत जाऊन कापसाचा एक गठ्ठा ओढला, तिथेच त्यावर तांब्याभर पाणी ओतलं, हातांनी कालवलं आणि तो आबांच्या पुढ्यात आदळला. आजवर ती त्यांच्याशी दगूबाईंच्या आडून बोलायची. आज तिने पदरही सावरला नाही.

"आबा, या कापूसमा कितलं पानी शे?"

सवयीने त्यांचा हात गठ्ठ्यात गेला. "एक किलो. कोन चोरटा लई उना?"

"आनि तुम्हना पायमा कितलं शे?"

दगूबाई "अवं, अवं" करत राहिल्या. ललित ओरडला. आबांनी दोघांनाही हाताने थांबवलं. त्यांनी धोतर वर घेतलं आणि अंगठा नडगीवर दाबला. अंगठा काढला, तरी खड्डा तसाच राहिला. जन्मभर ज्यांनी दुसऱ्यांचं पाणी पकडलं, त्यांना स्वतःच्या अंगात सहा किलो पाणी सापडलं होतं.

"गाडी काढ," ते ललितला म्हणाले.

पाच दिवसांत सुया देऊन डॉक्टरांनी पाणी उतरवलं आणि ललितला फैलावर घेतलं. हृदय म्हणजे तुझी मोटार नव्हे, पावडरीने घासायला. ताण वाढला की पेशींतली जाळपोळ वाढते, आणि त्या जाळपोळीने हृदय आणखी थकतं. तो ताण उतरवतात या गोळ्या. गंज धुणाऱ्या गोष्टी डब्यातून पाजून मोठमोठे प्रयोग झाले, असल्या रोग्यांना त्यांचा फायदा दिसला नाही. उरलेली पावडर ललितने उकिरड्यावर फेकली आणि आठ दिवस बायकोशी बोलला नाही. उपकार पचवणं त्या घरात कुणालाच जमत नव्हतं.

घरी आल्यावर पहिल्याच ताटावर आबा म्हणाले, "जहर शे हाई जेवन." आणि सगळं जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आपणहून काट्यावर चढले. चौसष्ट. खाली उतरून ओट्याच्या कडेला बसले आणि तोंड रस्त्याकडे फिरवून पाय पुढे केला. स्वतःच्या अंगठ्यावर आता त्यांचा विश्वास उरला नव्हता. हेमांगी वही घेऊन उभी होती. दोन वीत अंतर होतं. ती वाकली आणि तीन वर्षांत पहिल्यांदा तिने त्यांच्या पायाला हात लावला, अंगठा रुतेल इतका दाबून.

"पाया पडी ऱ्हायनी का?" त्यांनी रस्त्याकडे बघतच विचारलं.

"नही," ती म्हणाली. "पानी दखी ऱ्हायनू."

खड्डा पडला नव्हता. तिने वहीत तसं लिहिलं आणि हात धुवायला मोरीत गेली.