उतारावर बंद केलेली गाडी

वेल्ह्याच्या बाजारात धनाजीची नवी गाडी पेढे वाटत फिरली, त्या दिवशी सावळारामच्या घरी भाकरी गोड लागली नाही. म्हणजे बायकोनं, बनाबाईनं खाल्ली, म्हाताऱ्या आईनं, बाळाबाईनंही खाल्ली. सावळारामच तेवढा ताटावरून उठला. पोटात दुखतंय म्हणाला. ते खरंच होतं, फक्त त्या दुखण्यावर ओवा चालत नाही.

धनाजी हा त्याचा चुलत भाऊ. दोघांच्या घरांची मधली भिंत एक. पुण्याची माणसं तोरण्याच्या पायथ्याला फार्महाउससाठी जागा शोधत फिरत होती, ते दिवस. धनाजीचा खडकाळ तुकडा विकला गेला आणि दारात आखूड बांध्याची, उंच, चकचकीत टर्बो गाडी आली. सावळारामची जमीन ओढ्यापलीकडं होती. तिकडं रस्ता नव्हता, म्हणून गिऱ्हाईकही नव्हतं. त्याच्याकडं होती एक जुनी जीप. वेल्हे ते नसरापूर तो तिच्यात भाड्यानं माणसं भरून वडाप करायचा आणि त्यावर घर नीट चाललं होतं. धनाजीला गाडी शिकवली ती याच जीपवर, आणि शिकवणारा सावळारामच. ज्याला क्लच कुठला ते बोट धरून दाखवलं, तो आता काचा वर करून शेजारून निघून जातो, हे त्याला सोसवेना.

मत्सराची ही एक रीतच आहे. परक्यानं बंगला बांधला तर आपण थांबून कौतुकानं बघतो, आणि भावानं दाराला नुसता रंग दिला तरी आपली झोप उडते.

"जीप विकतो," सावळाराम एक दिवस म्हणाला.

बनाबाई भांडी घासत होती. तिनं मान वर केली नाही. "चालती जीप विकून काय घेनार?"

"धन्यासारखी गाडी. जुनी मिळती पुण्यात."

"अवं, जीप पोटाला घालतीया आपल्या."

"लोकं काय म्हंत्यात ठावं हाय का तुला? धाकट्याकडं टर्बो आन थोरल्याकडं खटारा."

"म्हनू द्या की. तीच लोकं खटाऱ्यात बसून भाडं देत्यात. धनाजीच्या गाडीत कोन भाडं देऊन बसतंय?"

बोलणं बिनतोड होतं, म्हणून सावळारामनं ते ऐकलं नाही. तरी घेण्याआधी त्यानं धनाजीला आडून विचारलं, "गाडी कशी हाय रं? काय तक्रार?"

"एक नंबर, दादा. डिझेल टाका आन पळवा," धनाजी म्हणाला आणि दुसरीकडं बघायला लागला. सावळारामला वाटलं, माज आलाय याला.

जीप मार्गासनीच्या एकाला गेली. जुनी टर्बो गाडी आली. रंगसुद्धा धनाजीच्याच गाडीचा. सावळारामनं ती मुद्दाम मधल्या भिंतीला चिकटून लावली, आणि तीत तो जीपसारखीच माणसं भरू लागला.

वर्ष काही धड गेलं नाही. आधी गाडीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. मग धूर. मग एक दिवस मार्गासनीच्या अलीकडच्या साध्या चढावर तिनं मान टाकली, आणि वडापची माणसं उतरून एसटीनं गेली. गाडी दोर लावून ओढत कामथडीला रफीकच्या गॅरेजात नेली.

रफीकनं खोलून बघितलं आणि हात पुसत विचारलं, "सावळारामदादा, चढ चढून माथ्यावर आला की इंजिन बंद करून उताराला सोडता का गाडी?"

"आमी समदेच सोडतो. डिझेल वाचतंय."

आणि ते खरं होतं. त्या भागात वडापवाल्यांची ती पिढीजात हुशारी. माथा आला की न्यूट्रल करायचं, चावी फिरवायची आणि गाडी आपोआप खाली जाऊ द्यायची. जुन्या जीपनं ते निमूट सोसलं होतं.

"जीपचं येगळं," रफीक म्हणाला. "हितं टर्बो हाय. इंजिनाला जादा हवा फुंकनारा पंखा समजा. चढाला त्यो लाल व्हईस्तवर तापतो. इंजिन बंद केलं की त्याचं तेल तुटतं, पन त्यो फिरायचा थांबत न्हाई. सुक्काच फिरतो आन स्वतःलाच खातो. चढ चढल्यावर गाडी उभी केली तरी बी जरा येळ इंजिन चालू ठेवायचं, मग बंद करायचं. टर्बो गेला तुमचा. क्लच बी गेलीया, पुढच्या चाकांचे बुश बी. जीपवानी मानसं भरली न्हवं का?"

खर्च ऐकून सावळाराम टायरवर बसला. तेवढ्यात जुन्या जीपचं अख्खं इंजिन नव्यानं बांधून झालं असतं.

"आन ह्याच्याहून वाईट ऐका," रफीक जवळ येऊन बसला. "इंजिन बंद असलं की ह्या गाडीचा ब्रेक दोन-तीनदा लागतो. मग पायाखाली दगड हुतो. स्टेअरिंग बी जड. टर्बो नवा मिळंल, दादा. मानूस न्हाई मिळायचा."

सावळारामच्या डोक्यात मात्र भलतंच चाललं होतं. "धन्याची गाडी येती का तुझ्याकडं?"

"एकाचं दुखनं दुसऱ्याला सांगत न्हाई म्या," रफीक हसून म्हणाला. "तुमचं बी सांगनार न्हाई."

गावात सावळारामनं सांगितलं, गाडी सीट कव्हर घालायला टाकलीय. घरी मात्र बनाबाईला खरं सांगावंच लागलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "जाऊन धनाजीला सांगा. त्यो बी तसंच करतोय. तुमीच शिकवलंया त्याला."

"फुटू दे की त्याची. फुटल्यावर कळंल, टर्बो काय असतोय त्ये."

"टर्बोचं सोडा. त्या गाडीत मानसं बसत्यात."

"सांगतो," सावळाराम म्हणाला, आणि सांगितलं नाही. रोज सकाळी भिंतीपलीकडं ती गाडी सुरू झाली की तो कान देऊन ऐकायचा. शिट्टी येतेय का? अजून नाही? त्याला स्वतःच्या मोडलेल्या गाडीचं जेवढं दुःख नव्हतं, तेवढं धनाजीची चालू गाडी ऐकून व्हायचं. लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे, पण आपल्यापैकी किती जण छातीवर हात ठेवून म्हणतील की असं कधी वाटलंच नाही?

अशात बाळाबाईच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख आली. पुण्याला जायचं. सावळारामची गाडी अजून कामथडीला. तर धनाजी आपणहून दारात उभा. "काकीला एसटीनं कशाला? म्या नेतो. पाबे घाटानं जाऊ, जवळ पडंल."

नाही म्हणायला तोंड नव्हतं. म्हातारी आणि बनाबाई मागं बसल्या, सावळाराम पुढं. गाडीनं दमदार घाट चढला. माथा आला, आणि धनाजीनं सवयीनं न्यूट्रल करून चावी मागं फिरवली. गाडी गप्प झाली आणि आपल्या वजनानं घरंगळू लागली.

सावळारामला सांगावंसं वाटलं. पण सांगायचं तर आधी स्वतःचा टर्बो गेला, हे सांगावं लागणार. ज्याच्यावर जळून गाडी घेतली, त्याच्याच गाडीत बसून, फसलो म्हणायचं? तो बाहेर बघत राहिला. एक वळण गेलं, ब्रेक लागला. दुसरं गेलं, लागला. लागतोय की, रफीक वाढवून सांगत असंल, असं त्यानं स्वतःला समजावलं. गप्पच बसायचं ठरलं की माणसाला कारणं कमी पडत नाहीत.

नसरापूरच्या रस्त्यावरचे उतार लहान असतात. हा घाट संपता संपत नव्हता. पुढच्या वळणाआधी धनाजीनं पाय दाबला, परत दाबला. "दादा, ब्रेक दबंना!"

"चावी फिरव! इंजिन चालू कर!" सावळाराम ओरडला. धनाजी दोन्ही हातांनी जड झालेलं स्टेअरिंग ओढत होता. सावळारामनं स्वतःच वाकून चावी फिरवली, हँडब्रेक खेचला. इंजिन धरलं, ब्रेक परत आला, पण वळण तोवर अंगावर आलं होतं. धनाजीनं गाडी दरडीला घातली. पत्रा खरवडत ती थांबली. दुसऱ्या बाजूला दरी होती.

मागं म्हातारी सीटवर आपटली होती. तिचा मनगटापासून हात वाकडा झाला होता. ती रडली नाही. नुसती हात धरून बसली.

बनाबाई नवऱ्याकडं बघत म्हणाली, "ठावं हुतं तुमास्नी. सांगतो म्हनाला हुता."

"काय ठावं हुतं?" धनाजीनं विचारलं.

सावळारामनं सांगितलं. सीट कव्हरचं खोटं, टर्बो, क्लच, रफीक ब्रेकबद्दल काय म्हणाला ते, सगळं. सांगताना त्याची मान वर होत नव्हती. आता धनाजी शिव्या घालील म्हणून तो थांबला. धनाजीनं घातल्या नाहीत.

"दादा, माझा टर्बो दोनदा गेलाय," तो म्हणाला. "पयला तर तुमी गाडी घ्यायच्या आधीच. सासुरवाडीला चाललो म्हनून सांगून पुण्याला नेत हुतो. रफीककडं नेली तर तुमास्नी कळंल म्हनून. पुण्यात इचारलं, कशी चालवता? म्या म्हनलं, नीट चालवतो. उतारावर बंद करतो म्हनलं असतं तर हसले असते."

"आन म्या इचारलं तवा, एक नंबर म्हनालास."

"फसलो म्हनून सांगितलं असतं तर तुमी हसला असता."

"हसलो असतो," सावळाराम म्हणाला. "आन जीप न्हाई विकली असती." मग म्हणाला, "म्या तर रोज तुझी फुटायची वाट बघत हुतो. तुझ्यापरीस म्या वाईट."

"कोन जास्त वाईट ते मागनं ठरवा," बाळाबाई मागून म्हणाली. "आदी मला दवाखान्यात न्या."

हात बरा झाला, पण वाकडाच जुळला. डोळ्याचं ऑपरेशन लांबलं, मग झालं. भाकरी थापायला म्हातारी आता बसत नाही. तो वाकडा हात दोन्ही भाऊ रोज बघतात. जीप परत मिळाली नाही. सावळाराम त्याच टर्बो गाडीवर मोजकी माणसं घेऊन वडाप करतो आणि उताराला इंजिन बंद करत नाही.

मध्ये मार्गासनीचा ज्ञानू वेल्ह्याच्या स्टँडवर आला. त्याच्या चुलत्यानं असलीच गाडी घेतली होती, म्हणून त्यालाही घ्यायची होती. "गाडी कशी हाय?" त्यानं विचारलं. चार माणसं ऐकत होती. धनाजी सावळारामकडं बघत राहिला.

"गाडी चांगली हाय," सावळाराम म्हणाला. "पन म्या ती भावावर जळून घेतली, जीपवानी चालवली, आन माज्या हातानं तिचा टर्बो घालवला. आईचा हात बी." मग दोघांनी ज्ञानूला बसवून घेतलं आणि खर्चासकट, काही न लपवता सगळं सांगितलं.

बंधूंनो आणि भगिनींनो, नफा आपण चौकात सांगतो आणि तोटा उशाखाली ठेवून झोपतो. त्यामुळं एकानं केलेली चूक दुसरा पैसे मोजून विकत घेतो. मत्सर नुसता दुसऱ्याचं चांगलं बघून जळत नाही. तो आपलं वाईट झालेलं सांगू देत नाही, आणि दुसऱ्याचं होणारं वाईट टाळू देत नाही. तुमच्या हातून काही बिघडलं असेल तर भिंतीपलीकडच्या माणसाला आजच सांगा. तो हसेल. हसू द्या. उद्या त्याच्या गाडीत तुमची आई बसायची आहे.