चिनी सिद्धांत आणि रिकामा टोप

माझ्या नवऱ्याने चीन पाहिलेला नाही. इथे आखातात महबूल्याहून अहमदीला ऑफिसात जायचं आणि परत यायचं, एवढाच त्याचा प्रवास. पण सध्या तो बाहेरून पीएचडी करतोय आणि विषय आहे चिनी विचारवंतांच्या नजरेतली जागतिक व्यवस्था. त्यामुळे आमच्याकडे डाळ करपली तरी खापर पाश्चात्त्य विचारसरणीवर फुटतं.

"अर्चना, पाश्चात्त्यांच्या मते देश म्हणजे कॅरमच्या सोंगट्या," स्वानंद मला समजावतो. "एकमेकींवर आपटतात, तेवढाच संबंध. चिनी अभ्यासक म्हणतात, आधी नातं, मग माणूस. एका आभाळाखाली परकं कुणीच नाही."

"मग नात्याला जागून भांडी घास," मी म्हणते.

ही थट्टा माझी ड्यूटी बदलेपर्यंत ठीक होती. मी हॉस्पिटलात नर्स आहे. पुढच्या महिन्यापासून मला दुपारची पाळी लागणार होती. आमची अक्षदा तीन वर्षांची. तिची नर्सरी दुपारी बंद होते आणि स्वानंद संध्याकाळी येतो. सासूबाईंनी फोनवरच निकाल दिला, "पाठवून द्या तिला साताऱ्याला." पोरीला तिकडे ठेवून एकटीने विमानात बसायचं, ही कल्पनाच मला सोसत नव्हती.

समोरच्या फ्लॅटमध्ये हुस्नाखाला राहतात. श्रीवर्धनकडच्या. नवरा इम्तियाजभाई दिवसभर आपल्या कपड्यांच्या दुकानात, मुलं कॅनडात. अक्षदा त्यांच्याकडे छान रमते. सरळ जाऊन विचारावं, असं मी ठरवलं.

"वेडी आहेस का?" स्वानंदने मला अडवलं. "मागायला गेलीस की आपण मांडलिक झालो. जुन्या काळी शेजारची राज्यं नजराणा घेऊन चीनच्या दरबारात यायची. बादशहा त्यांना आणल्यापेक्षा जास्त देऊन परत पाठवायचा. कमी घ्यायचं, जास्त द्यायचं, की आपण केंद्रस्थानी! ते औदार्य होतं की दादागिरी, यावर अभ्यासक अजून भांडतायत, पण आपल्याला काय त्याचं? जास्त दिलं की खाला आपणहून म्हणतील, पोरीला मी सांभाळते. त्यांचा डबा आहे ना आपल्याकडे?"

होता. त्यातून सांदणं आली होती. आणि शेजारणीचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, ही रीत साताऱ्यात आहे तशी श्रीवर्धनातही आहे. म्हणजे दरबार आधीच भरलेला होता, फक्त बादशहा ठरायचा होता.

मी डबा साटोऱ्यांनी गच्च भरून दिला. पण खाला काही कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. डब्याच्या बदल्यात टोपभर बिर्याणी आली. आम्ही टोपभर गुलाबजाम दिले. तोच टोप खिरीने भरून परत आला आणि सोबत इथल्या वफ्रा भागातल्या मळ्यातल्या काकड्यांचं खोकं. स्वानंदला कोण आनंद! "बघ, समोरून प्रतिसाद येतोय!" मला मात्र फ्रीजचं दार कसं लावावं ते कळत नव्हतं. बिल्डिंग सांभाळणारा हारिस हल्ली मला पाहिलं की गोड हसायचा, त्याचंही कारण कळेना.

अशात सासूबाईंचा फोन आला, "तिकीट काढलं का?" माझं डोकंच फिरलं. मी टोप घासला, पुसला आणि दाराकडे निघाले.

"अगं, रिकामा?" स्वानंद किंचाळला.

"रिकामा. दरबाराला सांग, आज खजिना बंद आहे."

खालांनी दार उघडलं, टोपात डोकावून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "काय गो, रागावलीस आमच्यावर?"

मला रडूच फुटलं. ड्यूटी, नर्सरी, सातारा, सगळं एका दमात सांगून टाकलं. "खाला, दुपारची अक्षदाला सांभाळाल? तेवढंच विचारायचं होतं हो."

खाला मटकन सोफ्यावर बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. "अगो, मग येवढे गुलाबजाम कशाला चारलेस? शुगर आहे मला! सगळे हारिसला दिले. आता तो मला अम्मी म्हणतो."

मी नर्स असून हे माझ्या लक्षात आलं नव्हतं; धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं.

"डॉक्टरने रोज सकाळी इन्सुलिन सांगितलंय," खाला हळू आवाजात म्हणाल्या. "माझ्यानं टोचवत नाय. यांना रक्त बघून चक्कर येते. तुला विचारायचं होतं, पण तू दमून येतेस, तोंड कसं उघडू? म्हटलं, आधी काहीतरी पाठवते, मग विचारते. तर तू दुप्पट पाठवायचीस. मग माझी जीभच उचलायची नाय."

म्हणजे आमच्या बादशाही थाटापायी ही बाई इतके दिवस औषधाविना राहिली होती. मी तिथल्या तिथे त्यांची शुगर तपासली; आकडा भलताच वर होता. त्याच संध्याकाळी मी आणि इम्तियाजभाई त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेलो.

आता सकाळी मी खालांना इंजेक्शन देते आणि दुपारी अक्षदा त्यांच्याकडे असते. स्वानंदच्या मते हा सिद्धांताचाच विजय आहे. "शेवटी नातंच जिंकलं," परवा माझ्या सुट्टीच्या दिवशी तो म्हणाला. "फक्त केंद्रस्थानी नक्की कोण आलं, हे प्रबंधात कसं मांडावं, तेवढंच अडलंय." असं म्हणत तो पोरीला आणायला समोर गेला.

अक्षदा खालांच्या पलंगावर उशांना टेकून बसली होती. खाला तिचे पाय चेपत होत्या आणि इम्तियाजभाई द्राक्षं सोलून देत होते.

"नो पप्पा, आय अ‍ॅम नॉट कमिंग," तिने मान न वळवता सांगितलं. "ब्रिंग माय ब्लू कप."

स्वानंद परत आला. त्याने निळा कप घेतला, तिची चादर घेतली, वर न मागता बाहुलीही घेतली आणि पुन्हा समोर निघाला. "नजराणा नीट धर," मी म्हटलं.