तुलनेची वस्ती

शहरातल्या विषमतेवर संशोधन करणारं आमचं केंद्र. तिथले मोठे सर नुसते नाकाने कांदे सोलायचे. 'न्याय' म्हणताना तर डोळेच मिटून घ्यायचे, सोंगाडे कुठले! मी घरोघर फिरून लोकांना प्रश्न विचारायची. सरांनी उंटावरून शेळ्या हाकायच्या आणि त्या शेळ्यांमागे उन्हातान्हात मी पळायचं.

आता अभ्यास काय, तर रस्तारुंदीत जाणाऱ्या दोन वस्त्या. एकीत आम्ही सभा घेऊन सांगायचं, की घर वाचवायचं असेल तर मुदतीत हरकत घ्या. दुसरीत चकार शब्द काढायचा नाही, नुसतं बघायचं. मग कुठली घरं वाचली, कुठली पडली, याची तुलना. आणि त्या दुसऱ्या वस्तीत माझी सख्खी मावशी राहते.

"सर, त्यांनाही सांगू या ना. घरं जातील हो त्यांची."

"मग तुलना कशाशी करणार?" लहान मुलीला समजवावं तसे सर हसले. "भावनेच्या भरात अभ्यास बिघडवायचा नसतो."

असा संताप आला म्हणून सांगू! दुसऱ्याचं घर जळतंय आणि हा बसलाय धूर मोजत. ऑफिस सुटल्यावर तडक मावशीकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. मावशीच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. बघता बघता वस्तीभर झालं. झाडून सगळ्यांनी हरकती घेतल्या, सुनावणीला गर्दी केली आणि पाडकामाला स्थगिती आली.

तेव्हा कुठे सर स्वतः वस्तीत आले, पहिल्यांदाच बरं का! वाट दाखवायला मलाच घेतलं. बुटांसकट मावशीच्या घरात शिरले, खाटेवर बसले आणि विचारलं, "बाई, हरकतीचं तुम्हाला सांगितलं कुणी?"

"मी सांगितलं, सर," मी म्हटलं. "ही माझी मावशी."

सरांचा चेहरा खर्रकन उतरला. "अहो, वाटोळं केलंत सगळ्या मेहनतीचं!"

मावशी पुढे आली. "म्हणजे आमची घरं पडली असती, तर तुमचं काम नीट झालं असतं?"

अशा वेळी माणसाने निदान खोटं तरी बोलावं. पण सर विचार करून म्हणाले, "पद्धत म्हणून पाहिलं तर... हो."

"उठा," मावशी म्हणाली. "जे घर पडायची वाट बघत होतात, त्यात बसायचं नाही."

सर उठले. आमच्याकडे मुलाखत अर्धवट राहिली की कारण लिहावं लागतं, 'नकार' नाहीतर 'घर बंद'. जित्याची खोड, गल्लीत येताच यांनी पेन काढलं.

"काय लिहू? नकार?"

"लिहा," मी म्हटलं, "घर उभं आहे."