तिकडे चौपट

मंगळवारी डीलर येतोय हे कळल्यापासून मी घरभर येरझारा घालत होते. आणि आमचे हे? लेथपाशी उभे राहून निवांत लाकूड कातत होते. आग जणू शेजाऱ्याच्या घराला लागली होती!

आम्ही पूल खेळायच्या, म्हणजे बिलियर्ड्ससारख्या टेबलावर चेंडू ढकलायच्या, काठ्या बनवतो, हाताने. म्हणजे हे बनवतात. मी पॉलिश करते, गुंडाळते आणि काळजी करते. परदेशात त्या फक्त त्या एका डीलरनेच विकायच्या, तिकडच्या गिऱ्हाइकाला आम्ही परस्पर द्यायच्या नाहीत, असा करार आहे. तिकडे दुसरं कुणी विकणारंच नाही, म्हणून तो सांगेल तो भाव. आमच्या दारात मिळते तीच काठी तिकडे चौपट. निम्म्याहून जास्त माल तोच उचलतो, म्हणून मी त्याला पाठीमागे जावईबापू म्हणते. रुसला की संपलंच.

आणि ह्यांनी नेमकं त्यालाच दुखावलं. गेल्या महिन्यात एक परदेशी मुलगी आली. ह्यांची जुनी खोड अशी, की गिऱ्हाइकाला आधी टेबलावर चार फटके मारायला लावायचे, हात बघायचा, मगच काठी काढायची. तिचा हात बघितला आणि स्वारी विरघळली. करारबिरार विसरून इथल्या भावात काठी देऊन टाकली. मी समोर असून गप्प बसले, तेही सांगते. तिने घरी जाऊन फोटो टाकला, किमतीसकट. झालं! तिकडची गिऱ्हाइकं डीलरच्या मागे लागली, आमच्याकडून एवढे का घेतलेत म्हणून.

"त्याने करार मोडला तर ह्या लाकडांचं काय करायचं?" मी वर बोट दाखवून विचारलं. लाकूड थोडं कातायचं, काही महिने छताला टांगून ठेवायचं, मग परत थोडं कातायचं, असं काम. तीन वर्षांची मेहनत डोक्यावर लटकत होती.

"बघू," हे म्हणाले. ह्या 'बघू'ने माझं अर्धं आयुष्य खाल्लंय.

डीलर अकराला आला. ओरडला नाही, ह्याचीच मला जास्त धडकी भरली. मी त्याला एकापाठोपाठ पाण्याचे तीन पेले दिले.

"घाबरू नका वहिनी, मी तुम्हाला सोडत नाही," तो म्हणाला आणि नवा कागद पुढे सरकवला. "दारातली विक्री बंद. आणि वर्षाला फक्त बारा काठ्या. माल कमी, की भाव आणखी चढेल. तुम्हाला आत्ताइतकेच पैसे मिळतील."

हे कागदाकडे बघत बसले. बघतच बसले.

"अहो, करा ना सही!" मी पेन त्यांच्या हातात कोंबलं. त्यांनी सही केली.

डीलर गेला तशी मी खुर्चीत बसकण मारली. "सुटलो बाई एकदाचे! बारा तर बारा. काम कमी, पैसे तेवढेच. देवच पावला म्हणायचा."

हे परत लेथपाशी गेले, पण तो सुरू केला नाही. "ह्या वर्षीच्या किती झाल्या गं?"

मी बोटांवर मोजल्या. बारा झाल्या होत्या. वर्षाचा चौथाच महिना चालू होता.

त्यांनी अर्धवट कातलेलं लाकूड लेथवरून सोडवलं. ते कुठे ठेवावं हेच त्यांना कळेना.

"मग उद्या सकाळी उठून मी काय करू?" त्यांनी विचारलं.

आठवडाभर वाटली नव्हती इतकी भीती मला तेव्हा वाटली.