निळी पेन्सिल

भैरवी आमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहते. शहराबाहेर मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी करते. कंपनीची गाडी तिला रोज रात्री आठला आमच्या महाल भागातल्या चौकात सोडते. रजत नावाचा एक मुलगा तीन आठवडे काळ्या मोटरसायकलवर तिच्या मागे येत होता. म्हणून ती चौकातून सरळ घरी येत नसे. चार गल्ल्या फिरून, त्याला चुकवून येई. आपलं घर त्याला कळू नये, एवढीच तिची धडपड. सोमवारी त्याने तिचा हात पिरगळला. तिने पोलिसात तक्रार केली. त्यांनी त्याला बोलावलं, समज दिली आणि सोडून दिलं.

बुधवारी दुपारी एका पेपरचा बातमीदार आला, सुशील नावाचा. मी एकटीच होते.

“मावशी, पोरगी कशी आहे?”

“लय साधी. मान खाली घालून जाते, मान खाली घालून येते. कामापायी उशीर होते, नाहीतर दिवे लागल्यावर बाहेर दिसायची नाही.”

त्याने भराभर लिहून घेतलं आणि फोटो मागितला. मी संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा दिला. भैरवी साडीत, केसात गजरा, हातात वाण. पाहणाऱ्याला मुलगी चांगल्या घरची वाटेल, असं माझ्या मनात. त्याने तो मोबाईलमध्ये टिपून घेतला. मी त्याला चहाही पाजला.

चार वाजता माझी नात पिंकी कॉलेजातून आली. ती पत्रकारिता शिकते. मला साठीनंतर वाचायला तिनेच शिकवलं, म्हणून तिच्या प्रोजेक्टचं अर्धं काम माझ्याकडे असतं. बाईवर हात टाकल्याची बातमी आली की कापायची. बाईबद्दल जे लिहिलं त्याखाली लाल रेघ, ज्याने केलं त्याच्याबद्दल लिहिलं त्याखाली निळी. महिनाभरात लाल पेन्सिल बोटाएवढी उरली होती. निळीला अजून टोकही नीट केलं नव्हतं. पिंकी म्हणायची, तिच्या पुस्तकात हेच लिहिलं आहे. वाचणारे बाईलाच न्याहाळतात, कारण लिहिणाऱ्याने त्यांना तिथेच उभं केलेलं असतं.

मी तिला कौतुकाने सगळं सांगितलं. तिचा चेहरा उतरला.

“फोटो काहून दिला वं आजी? त्यात मागं आपलं दार आहे. नंबरासकट.”

उद्याच्या कात्रणात माझ्याच बोलण्याखाली मला लाल रेघा ओढाव्या लागणार होत्या. आणि चार गल्ल्या फिरून तिने जे लपवलं, ते मी चहा पाजून देऊन बसले होते.

आम्ही ऑटोने रामदासपेठेत पेपरच्या ऑफिसात गेलो. बातमीचं पान संध्याकाळी सहा वाजता छपाईला जाणार होतं.

“मावशी, तुम्ही तारीफच केली न तिची? तेच लिहिलं,” सुशील म्हणाला. पिंकीकडे पाहून हसला. “तुमच्या कॉलेजात बातमी लिहायला शिकवून राहिले का पुसायला?”

मी स्क्रीनवर बोट ठेवून वाचलं. सालस स्वभाव. साधी राहणी. रात्री उशिरा परतणे. वर गजऱ्यातली भैरवी, मागे आमचं दार. मुलगा शेवटच्या ओळीत होता, ‘एक युवक’ म्हणून.

“हे सगळं काढा बापा. तो कुठं उभा राहते, किती वाजता, गाडी कशी, ते लिहा.”

“हे कोण सांगते पण? बातमीले चेहरा लागते, मावशी. नाहीतर साहेब टाकतच नाहीत.”

“मी सांगतो. मी रोज संध्याकाळी चौकात दूध आणाले जातो. मी पाहिलं त्याले. माझा चेहरा घ्या. पण घराचा पत्ता नाही, भैरवीचं नाव नाही.”

त्याने मला ऑफिसच्या भिंतीशी उभं करून माझा फोटो काढला. भैरवीचा फोटो त्याने पिंकीसमोर पुसला.

सकाळी पेपर आला. पिंकीने कात्रण कापलं आणि मी पहिल्यांदा सलग चार ओळींखाली निळी रेघ ओढली. पेन्सिल कात्रणासकट माझ्या दूध आणायच्या कापडी पिशवीत टाकली.

संध्याकाळी सातला दूध आणायला गेले, तर रजत चौकातच होता. गाडीला टेकून उभा.

“आजी, फोटो मस्त आला तुमचा.”

मी दूध घेतलं आणि निघाले. मागे गाडी चालू झाली, अगदी हळू. आमची गल्ली आली. वळले असते तर दार पन्नास पावलांवर, आणि तासाभरात भैरवी उतरणार. मी वळले नाही. पुढच्या गल्लीत शिरले, मग त्याच्या पुढच्या. गाडी मागेच. तेव्हा लक्षात आलं, मी मान खाली घालून चालत होते.

श्रीधरच्या किराणा दुकानासमोर उजेड होता. चार गिऱ्हाइकं होती. मी थांबले आणि वळून त्याच्याकडे पाहिलं. पिशवीतून कात्रण काढलं, पेन्सिल काढली, आणि त्याच्या गाडीवरचा नंबर एकेक आकडा मोठ्याने वाचत कात्रणावर लिहू लागले.

“काय झालं, काकू?” श्रीधर बाहेर आला. “काय लिहून राहिल्या?”

“हा पेपरातला पोरगा,” मी म्हणाले. “माझ्या मागं येऊन राहिला. आता याचा शर्ट लिहू दे.”

गिऱ्हाइकं त्याच्याकडे पाहू लागली, गाडीपासून शर्टापर्यंत. तो गाडी वळवून गेला. मी दुकानाच्या पायरीवर बसले. श्रीधरने पिंकीला फोन लावला. आठ वाजेपर्यंत मी तिथून उठले नाही. भैरवी उतरेपर्यंत चौकाच्या वाटेवर नजर ठेवून होते.