चाकांसकट

नवरा गेल्याचा फोन आला तेव्हा वहिनी विमानाच्या नाकापाशी उभी राहून इंजिनचं तेल बघत होती. तिने ऐकून घेतलं, तेलाची कांडी पुसून जागेवर बसवली, झाकण लावलं आणि मग धाकट्या दिराला सांगितलं. रात्री नीट जेवून झोपलेला माणूस सकाळी उठलाच नव्हता.

धाकट्याने हातातला कॅमेरा परत पेटीत ठेवला. तिघांचा मिळून धंदा होता, वरून जमिनीचे फोटो काढून द्यायचा. वहिनी विमान चालवायची, धाकटा कॅमेरा सांभाळायचा आणि थोरला घरी बसून कामं मिळवायचा. आताही दोघं अशाच एका कामावर आलेली होती. गाडीने घरी पोचायला अख्खा दिवस गेला असता. मधल्या मोठ्या जलाशयावरून सरळ उडालं, तर दुपारच्या आत.

या अवस्थेत विमान चालवाल का, असं धाकट्याने दबकत विचारलं. वहिनीने स्वतःचे हात पालथे-उलथे करून पाहिले. थरथरत नव्हते. ती म्हणाली, "हात ठीक आहेत."

एरवी धाकट्याच्या तोंडाचा पट्टा विमानात सतत चालू असायचा. त्या दिवशी तो खिडकीतून बाहेर बघत राहिला. वहिनीच्या आत काहीच हलत नव्हतं. दाढेला इंजेक्शन दिल्यावर गाल जसा आपला वाटत नाही, तसं तिला सगळं अंगच परकं वाटत होतं. नवऱ्याचा चेहरा आठवून बघितला, तर पासपोर्टवरचा फोटोच समोर आला.

जलाशयाच्या मध्यावर इंजिन खडखडलं, विमानाला हिसके बसले आणि समोरचा पंखा थांबला. (पुढे चौकशीत निघालं की आतला एक दांडा तुटला होता, बाहेरून तो कुणालाच दिसला नसता.) तिने जमेल ते सगळं करून पाहिलं. मग रेडिओवरून संकटाचा निरोप दिला. किनारा दोन्ही बाजूंना लांब होता.

"पाण्यात उतरायचंय," ती म्हणाली. आवाज बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसा होता.

"चाकांवर?"

"आत घेता येत नाहीत ती. चाकं पाण्यात अडकणार, आपण उलटे होणार. दार आत्ताच उघड आणि ते परत बंद होऊ नये म्हणून त्यात बूट अडकव. उलटे झालो की एका हाताने दाराची चौकट धर, मगच पट्टा सोड."

त्याने बूट काढला. वहिनीने विमानाचा वेग जेवढा कमी करता येईल तेवढा केला, नाक वर धरलं आणि लाटांना समांतर खाली येत राहिली. मागची चाकं पाण्याला लागली. एक क्षण वाटलं, विमान तरंगत पुढे जाईल. मग कुणी पाय ओढावा तशी चाकं पाण्यात रुतली, नाक खाली गेलं आणि आभाळ पायांखाली आलं.

हिरवं, गार पाणी आत भरलं. तिने चौकट धरली, पट्टा सोडला आणि बाहेर निघाली. धाकटा वर आला नव्हता. तिने श्वास घेतला आणि पुन्हा आत शिरली. हेडफोनची वायर त्याच्या गळ्याभोवती गुंडाळली गेली होती. ती सोडवून तिने त्याला कॉलरला धरून बाहेर खेचलं.

विमान पोट वर करून तरंगत होतं. तिन्ही चाकं आभाळाकडे, त्यातलं एक अजून सावकाश फिरत होतं. दोघं पोटावर चढून बसली. धाकटा बराच वेळ खोकला, मग ढसाढसा रडायला लागला.

"वहिनी, दादा गेला हो," तो म्हणाला. जणू तिला ते ठाऊकच नव्हतं.

"हो," ती म्हणाली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

कोळ्यांच्या होडीने त्यांना काठावर आणलं. होडीवाल्याने स्वतःचा सदरा तिला दिला. तो घालूनच ती संध्याकाळी घरी पोचली. सगळे थांबले होते. सासूबाई मुलाच्या उशाशी बसल्या होत्या. त्यांनी सुनेचे अजून ओलसर असलेले केस पाहिले, तो ढगळ सदरा पाहिला, आणि काय झालं ते विचारलं. विमान पाण्यात उतरवलं, असं तिने सांगितलं.

"चाकांसकट?"

"चाकांसकट."

सासूबाई उठल्या, टॉवेल आणला आणि तिचे केस पुसू लागल्या. समोर नवरा निजला होता. वहिनीला फक्त टॉवेल खरखरीत लागत होता.

पुढच्या दिवसांत लोक भेटायला आले. तिच्या धीराचं फार कौतुक झालं. ती मान हलवायची. तो धीर नव्हता, हे कुणाला सांगत बसणार?

महिनाभराने एका दुपारी धाकट्याने चहा केला. दोघं समोरासमोर बसून पीत होती. अर्धा कप संपल्यावर तो चाचरत म्हणाला, "यात साखरेऐवजी मीठ पडलंय वाटतं."

वहिनीने कपात पाहिलं. "मग इतका वेळ पितोस कशाला?"

"तुम्ही पीत होतात ना."

तिला हसू फुटलं. हसता हसता जीभ खारट, तुरट झाली आणि घसा जळला. तिने उठून चूळ भरली. मग नळ तसाच चालू ठेवून ती ओट्याला धरून उभी राहिली. हात थरथरत होते. धाकट्याने येऊन नळ बंद केला आणि दुसरं आधण ठेवलं.