बडोद्याला लागलेला फोन

माझी बायको उज्ज्वला गेली हे मला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, टेस्ट डेस्कवरच्या फोनवर कळलं. फोन माझ्याबरोबर काम करणाऱ्या भूपेंद्रने उचलला होता. त्याने थोडं ऐकलं, रिसीव्हर हाताने झाकला आणि मला म्हणाला, "वसंतभाई, पहेलां बेसो." मी बसलो नाही. रिसीव्हर घेतला. पलीकडे शेजारचा लोटू होता. तो एवढंच म्हणाला, "भाऊ, सिव्हिलला या. घाई करू नका आता."

घाई करू नका, यावरून मी समजलो.

उज्ज्वलाला दम्याचा त्रास जुना होता. त्या दुपारी तो पंपाने आटोक्यात आला नाही. घरी ती एकटीच होती. तिने भिंत वाजवली, तशी लोटूची बायको, सरलाबाई, आल्या. उज्ज्वलाला बोलता येत नव्हतं. तिने फोनशेजारच्या स्टिकरकडे बोट केलं. एका खासगी दवाखान्याने ऑक्सिजनच्या गाडीसाठी एकच नंबर काढला होता. गुजरातभर कुठूनही तोच नंबर लावायचा, की जवळच्या शाखेत घंटी वाजते. त्याची स्टिकरं सुरतेतल्या आमच्या नवागामात घरोघरी लागली होती.

सरलाबाईंनी नंबर लावला. एका बाईने उचलला, पत्ता विचारला आणि गाडी येते म्हणून सांगितलं. म्हणून त्या थांबल्या. गल्लीत रिक्षा उभी होती, पण गाडी येणार होती. उज्ज्वलाचं डोकं मांडीवर घेऊन त्या दाराकडे बघत राहिल्या. शेवटी लोटू घरी आला आणि त्याने रिक्षा दाराशी आणून तिला सिव्हिलला नेलं. उज्ज्वला रस्त्यातच गेली.

तो फोन बडोद्याला लागला होता. तिथल्या बाईने आमचा पत्ता लिहून घेतला आणि सुरतच्या शाखेला फोन लावत राहिली, पण तिला लाइन मिळाली नाही. सुरतची शाखा पर्वत पाटियाला आहे. आमच्या घरापासून लांब नाही. गाडी तिथे फाटकात उभी होती.

गल्लीत सगळ्यांनी एकच अर्थ काढला. सरलाबाईंचा नंबर चुकला. लोटू तर चारचौघांत म्हणाला, "हिला टीव्हीचं बटण सापडत नाही, आणि ही चालली फोन लावायला." सुतक फिटल्यावर गंधमुक्तीच्या दिवशी सगळी गल्ली जेवायला होती. सरलाबाई मागच्या बाजूला भांडी घासत बसल्या, समोर आल्या नाहीत. मी गेलो तर मान खाली घालून म्हणाल्या, "भाऊ, मन्हा हात चुकना."

मी म्हटलं, "नंबर चुकला असता तर दवाखान्यात लागलाच नसता."

त्यांनी मान हलवली. त्यांना पटलं नव्हतं.

मला माहीत होतं की त्यांचा हात चुकलेला नाही, कारण हे काम मी रोज करतो. असा नंबर आमच्या एक्स्चेंजला स्वतःला कळत नाही. ग्राहकाने नंबर फिरवला की एक्स्चेंज तो कॉल मध्येच धरून ठेवतं. मग बोलण्याच्या लाइनीपासून वेगळी एक लाइन असते, तिच्यावरून दुसऱ्या शहरातल्या मोठ्या कॉम्प्युटरला विचारतं, की हा माणूस अमुक नंबरावरून बोलतो आहे, याला कुठे जोडू? तो कॉम्प्युटर आपल्या यादीत बघतो. फोन करणाऱ्याच्या नंबरातले सुरुवातीचे आकडे कुठल्या शाखेचे, ते त्या यादीत असतं. तो खरा नंबर परत पाठवतो, आणि आमचं एक्स्चेंज जोडून देतं. तेवढ्या वेळात ग्राहकाला थांबायला सांगण्यासाठी एक बोलणारं मशीन असतं. बिलाची नोंद आणखी वेगळीकडे होते. हे सगळं दोन घास गिळेपर्यंत उरकतं. खात्यात याला इंटेलिजंट नेटवर्क म्हणतात.

नवीन बसवलं तेव्हा मी हे उज्ज्वलाला मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "म्हणजे तुमचं एक्स्चेंज सासूला विचारल्याशिवाय काही करत नाही. आणि तुम्ही त्याला हुशार म्हणता?"

कामावर परतल्यावर मी घरच्या फोनवर ट्रेस लावला, म्हणजे कॉल कुठून कुठे जातो ते दिसतं. मी घरून तो नंबर फिरवायचा आणि भूपेंद्रने टर्मिनलवर बघायचं. फोन बडोद्याला लागला. मी भूपेंद्रला विचारलं. तो म्हणाला, "आपणा तरफथी बधुं ओके छे." खरंच सगळं ओके होतं. आमच्या एक्स्चेंजने बरोबर विचारलं होतं. लाइन चालू होती. पलीकडच्या कॉम्प्युटरने उत्तर दिलं होतं. उत्तर आलं तिथेच आम्ही कॉल जोडला होता. कुठेही लाल दिवा नव्हता.

चूक यादीत होती. त्या वर्षी नवागामचे फोन जुन्या एक्स्चेंजवरून काढून नव्या युनिटवर घेतले होते. नंबरांचे सुरुवातीचे आकडे बदलले. ते नवे आकडे त्या यादीत कोणी भरले नव्हते. आणि आकडे यादीत सापडले नाहीत तर कॉल मुख्य ऑफिसला द्यायचा, असा नियम होता. मुख्य ऑफिस बडोद्याला.

मी त्या कॉम्प्युटरच्या लोकांना फोन केला. ते म्हणाले, यादी ग्राहकाची, म्हणजे दवाखान्याची आहे, दवाखान्याने लेखी द्यावं. मी पर्वत पाटियाला गेलो. तिथल्या व्यवस्थापक शैलजा मॅडम मूळच्या नाशिकच्या. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं. म्हणाल्या, "आम्ही तर अख्खं सुरत लिहून दिलं होतं. नवागाम सुरतेतच येतं ना हो?"

"येतं."

"मग आम्ही वेगळं काय लिहून द्यायचं?"

मी त्यांना आकडे सांगितले. त्यांनी माझ्यासमोर अर्ज टाइप करून घेतला. पण शाखेच्या सहीचा अर्ज चालत नव्हता. तो बडोद्याला गेला. तिथून उत्तर आलं, की कोड बदलणं हे टेलिफोन खात्याचं काम आहे. खात्याने सांगितलं, पुढच्या दुरुस्तीत घेऊ, तारीख ठरलेली नाही. मी परत परत फोन केले. प्रत्येक जण नीट बोलला. रागवावं असं कोणी भेटलं नाही.

इकडे सरलाबाई आमच्या दारावरून जाताना पदर ओढून जायच्या. लोटूचं बोलणं चालूच होतं.

मग मी एक काम केलं. आमच्या एक्स्चेंजमध्ये नवागामच्या युनिटपुरता रस्ता बदलला. तो नंबर आला की कोणाला विचारायचं नाही, सरळ पर्वत पाटियाच्या साध्या नंबरावर जोडायचं. भूपेंद्र मागे उभा होता. तो म्हणाला, "वसंतभाई, नोकरी जशे." मी म्हटलं, जाऊ दे.

संध्याकाळी मी सरलाबाईंना घरी बोलावलं. लोटूलाही बोलावलं. त्याने ऐकावं असं मला वाटत होतं. म्हटलं, "वहिनी, स्टिकर बघा आणि तुमच्या हाताने लावा." त्या नको म्हणत होत्या. मग त्यांनी स्टिकरवर बघत एकेक आकडा दाबला. लगेच घंटी वाजली आणि पलीकडून कोणीतरी म्हणालं, "पर्वत पाटिया, बोलो."

मी खुश झालो. लोटूकडे बघून म्हटलं, "बघ. बरोबर लावला की नाही?"

सरलाबाईंनी रिसीव्हर ठेवला. म्हणाल्या, "आज बरोबर लागना. म्हन्जे त्या रोजले मीच चुकनू."

मग मी घाईघाईने सांगायला लागलो, की आज मी एक्स्चेंजमधून रस्ता बदलला आहे, तेव्हा तो बडोद्याला जात होता, कोणीही लावला असता तरी तिथेच लागला असता. त्या ऐकत होत्या. लोटू म्हणाला, "जाऊ द्या भाऊ. तुम्ही मोठ्या मनाचे आहात." दोघं उठून गेली.

दुसऱ्या दिवशी बाबुराव साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ते आमचे इंजिनियर. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "वसंत, ती शाखा रात्री बंद असते. तेव्हा तो कॉम्प्युटर फोन दुसऱ्या शाखेला देतो. तुझ्या रस्त्याने रात्री कोणी फोन केला तर?"

रिकाम्या ऑफिसात घंटी वाजत राहील. हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी टर्मिनलवर बसलो आणि माझा रस्ता माझ्याच हाताने काढला.

मग मला वाटलं, निदान आता तरी सरलाबाईंना दाखवता येईल. फोन पुन्हा बडोद्याला जात होता. मी त्यांच्या दारात गेलो. म्हटलं, एकदाच या, आणि कुठे लागतो ते तुमच्या कानाने ऐका. त्या भाकरी थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "भाऊ, तुमी एक्स्चेंजवाला. तुमी कोठे बी लावशात. माले बरं वाटावं म्हणीसन करतस."

त्यांचं बरोबर होतं. मी त्यांना एकदा बदलून दाखवलं होतं. आता फोन कुठेही लागला तरी तो मीच लावला असंच त्या म्हणणार.

मी तिथे उभा राहिलो. त्यांनी एक भाकरी ताटलीत घालून माझ्यापुढे केली. वर चटणी घातली. मी ती उभ्यानेच खाल्ली. घरी उज्ज्वलाचा पंप अजून टीव्हीवर आहे, आणि स्वयंपाकाला मी हात लावत नाही, हे गल्लीत सगळ्यांना माहीत आहे.

नंतर मी नवागामातल्या दुकानांत आणि पीसीओंवर जाऊन स्टिकरवर शाखेचा साधा नंबर लिहिला, आणि खाली लिहिलं, फक्त दिवसा. घराघरांत मला जाता आलं नाही. बरीच स्टिकरं तशीच आहेत. बाबुराव साहेबांनी वर पत्र पाठवलं, शैलजा मॅडमनीही पुन्हा पाठवलं. दोन्ही पत्रं पोचली, असं मला फोनवर सांगण्यात आलं.

सरलाबाई अजून फोनला हात लावत नाहीत. हात आपलाच चुकला असं त्या मानतात, आणि ते मी त्यांच्या मनातून काढू शकलेलो नाही. नवागामचे आकडे अजून त्या यादीत भरलेले नाहीत.